मुठीतला तिळगूळ

फलकावर तीन ओळी होत्या. पहिली सर्वांत मोठी: रुचितावहिनींतर्फे भव्य हळदीकुंकू. दुसरी: मोफत हृदयरोग व मधुमेह तपासणी. तिसरी, बोटाच्या पेराएवढ्या अक्षरांत: महिलांनी उपाशीपोटी यावे. उरलेला फलक वहिनींच्या चेहऱ्याने भरला होता.

संक्रांत होऊन आठवडा झाला होता, रथसप्तमी यायची होती. या दिवसांत डोंबिवलीत रोज कुठे ना कुठे असा मांडव असतोच, आणि निवडणूक जवळ आली की मांडव मोठा होतो. मी नौपाड्यातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये बायोकेमिस्ट आहे. त्या रविवारी आमची गाडी माणकोली पुलावरून खाडी ओलांडून वस्तीतल्या समाजमंदिरापाशी आली तेव्हा आठ वाजले होते. सोबत दोन शिकाऊ मुली आणि चार ग्लुकोमीटर. खर्च कल्याणच्या एका नव्या हृदयरुग्णालयाचा. माझं काम एवढंच होतं की आकडे नोंदवहीत नीट उतरतायत हे बघायचं आणि शेवटी प्रत्येक पानावर सही करायची.

दारात पहिलं टेबल वहिनींचं. नऊवारी, नथ, मागे फोटोवाला. सवाष्ण आली की कपाळाला हळदीकुंकू, मनगटाला अत्तर, उजव्या तळहातावर तिळाचा लाडू आणि वाण म्हणून प्लास्टिकचा डबा, झाकणावर पुन्हा वहिनी. गळ्यात मंगळसूत्र नसलेली बाई आली की वहिनींची एक कार्यकर्ती पुढे होऊन हळूच सांगायची, "मावशी, तुम्ही तिकडून या. सरळ तपासणीलाच." तिकडून म्हणजे बाजूच्या दाराने, मुतारीला वळसा घालून. त्या निमूट जात होत्या. मी ते पाहिलं आणि मीटर मांडायला लागले. असं मी पुष्कळदा केलेलं आहे.

आत गूळ, अत्तर आणि स्पिरिट यांचा मिळून एक वास होता, तो घशात बसत होता. रक्ताच्या कापसाच्या बोळ्यांसाठी ठेवलेल्या पिशवीत कोणीतरी चहाचे कप टाकले होते. कोपऱ्यात पडद्यामागे ईसीजी. दहा वाजता त्या यंत्रातला कागद संपला. दुसरं भेंडोळं कोणी आणलंच नव्हतं. मी रुग्णालयाच्या समन्वयक शिवानीला जाऊन सांगितलं. ती म्हणाली, "हो मॅम, मागवलंय. तोपर्यंत चालू राहू दे, बायका वाट बघून कंटाळतात." मग बायका आत जाऊन पदर बाजूला करून आडव्या होत राहिल्या, छातीला ते गार चिमटे लागत राहिले, आणि बाहेर आल्यावर त्यांच्या कार्डावर 'ईसीजी झाला' असा शिक्का बसत राहिला.

साखरेचे आकडे मला पहिल्या तासापासूनच खटकत होते. अशा वस्तीत, या वयाच्या बायकांत, दहात एखाददुसरी निघते. इथे निम्म्याहून जास्त दोनशेच्या वर. मी मीटर बदलले. तपासणीचं प्रमाणित द्रावण घालून पाहिलं, चारही मीटर बरोबर होते. पट्ट्यांची मुदत बघितली. मुलींना विचारलं, "उपाशी आहेत का विचारताय ना प्रत्येकीला?"

"विचारतो मॅडम. सगळ्या पाण्यावर आहेत."

अकराच्या सुमारास दोन जावा एकामागोमाग आल्या. थोरली रंभा, पन्नाशीची, कपाळ मोकळं. धाकटी शेवंती, पस्तिशीची, हिरवी साडी, कपाळावर ओलं कुंकू, काखेत डबा. एकाच खोलीत राहतो हे रंभानेच न विचारता सांगितलं. शेवंती एमआयडीसीत पाकिटं सील करायच्या गरम मशीनवर कामाला जात होती, सकाळी सहाला निघून पहिला घास अकराला.

"काल रात्री काय जेवलात?" मी विचारलं.

"भात आणि सुकटीचं कालवण," रंभा म्हणाली. "एकाच टोपातलं. ही चिमणीसारखं खाते, उरलेलं मी संपवते. म्हणून मी अशी आणि ही अशी."

"आणि सकाळपासून?"

"पाणी. तुमचा बोर्ड वाचला ना."

रंभाची साखर चौऱ्याण्णव आली. शेवंतीची दोनशे शहाऐंशी.

"बघ," रंभा म्हणाली, "नवरा जिवंत असल्याची गोडी."

शेवंती हसली नाही. "आक्का, गप गं. माझ्या आईला पण होती. मी कधीची म्हणते, मी एवढी दमते कशानं? जिना चढले की डोळ्यांपुढे अंधारी येते. तर हे म्हणतात नाटकं." ती घाबरली होती, पण थोडी सुटल्यासारखीही दिसत होती. कार्ड नीट घडी करून ती डॉक्टरांच्या रांगेत गेली.

मी नोंदवही मागे मागे चाळत गेले. एकाच टोपातलं जेवण, एकच रात्र, एकच पाणी. मग मान वर करून रांगेकडे पाहिलं आणि एक घाणेरडा विचार मनात आला. तो तपासून पाहायला दोन मिनिटं पुरणार होती. पुढच्या दहा बायकांचे आकडे मी मुलींच्या आधी एका कागदावर लिहून ठेवले, नुसतं कपाळ बघून. कुंकू असेल तर दोनशेच्या वर, नसेल तर सव्वाशेच्या आत. नऊ बरोबर आले.

दहावी ठसठशीत कुंकवाची होती आणि तिची साखर एकशे दोन आली. तिच्या कडेवर नातू होता.

"तुमचा तिळगूळ कुठे आहे?" मी तिला विचारलं.

"याने दारातच खाल्ला की. माझ्या हातालासुद्धा लागू दिला नाही मेल्याने."

मग मला रांग दिसली, जशी ती सकाळपासून होती. प्रत्येक सवाष्णीची एक मूठ मिटलेली. उपाशीपोटी यायचं म्हणून लाडू खायचा नाही. संक्रांतीचा म्हणून तो टाकायचा नाही, खाली ठेवायचा नाही. तासभर रांगेत तो मुठीत धरायचा. नाव लिहिणाऱ्या टेबलावर सहीसाठी उजव्या हातातून डाव्यात, आमच्या टेबलावर डावं बोट टोचायचं म्हणून परत उजव्यात. लाडू बाजारचे, मऊ राहावेत म्हणून त्यात गुळाबरोबर ग्लुकोजचा पाक, घामाने चिकट झालेले. मुली बोटावर स्पिरिटचा बोळा एकदा फिरवत होत्या. स्पिरिटने जंतू मरतात, गूळ जात नाही. पट्टीला लागणारं रक्त जेमतेम एक मायक्रोलिटर. त्यात दोन मायक्रोग्रॅम ग्लुकोज बाहेरून मिसळलं की शंभराचे तीनशे होतात. दोन मायक्रोग्रॅम डोळ्यांना दिसतही नाही. हे मला पाठ होतं. हात साबणाने धुवायला लावा, हे आम्ही पहिल्या आठवड्यात शिकवतो.

मी वहिनींच्या टेबलावरचा एक लाडू घेतला, पाच मिनिटं मुठीत धरला, बोळा फिरवला आणि स्वतःचं बोट टोचलं. दोनशे त्रेचाळीस. बाटलीतल्या पाण्याने आणि पिशवीतल्या साबणाने हात धुतले. एक्क्याण्णव.

शिवानीने दोन्ही आकडे लक्ष देऊन ऐकले. "मॅम, हे स्क्रीनिंग आहे. आजारी बाई सुटली तर प्रॉब्लेम. निरोगी बाई यादीत आली तर काय बिघडतं? कन्फर्म आमच्याकडे होईलच. पॅकेज आहे ना."

"गोळ्या आजच दिल्या जातायत."

"लो डोस आहे, मॅम. आणि सँपलच्या आहेत."

वहिनी चहा घेत होत्या. त्यांना मी म्हटलं की दारात एक बादली आणि साबण ठेवा, तिळगूळ तपासणीनंतर द्या, आणि झालेल्या सगळ्यांना माइकवरून परत बोलवा.

"हळदीकुंकू घेऊन लगेच हात धुवायचे?" वहिनी म्हणाल्या. "माझ्या दारात? शुभ कार्य आहे, मॅडम."

"मग आधी तपासणी आणि मग हळदीकुंकू."

"पाहुण्यांना बाराला निघायचं होतं. फोटो आधी नको?" त्यांनी कप खाली ठेवला. "आणि एक सांगा. त्या बाजूच्या दाराने आलेल्या बायकांचं सगळं बरोबर आणि आमच्या सवाष्णींचंच चूक, असं म्हणायचंय का तुम्हाला?"

"आकड्यांपुरतं, हो."

"वाणाला नाट लावू नका," त्या म्हणाल्या आणि फोटोवाल्याकडे वळल्या.

मी लॅबच्या मालकांना, त्र्यंबकसरांना, फोन लावला. ते म्हणाले, "कृतिका, आपण फक्त माणसं दिलीत. सही कर आणि ये. रविवार आहे."

डॉक्टर धम्मपाल तिशीच्या आतला, रुग्णालयाने दिवसभरासाठी बोलावलेला. त्याच्या टेबलाखाली गोळ्यांचे खोके होते. दोनशेच्या वर आकडा असलेल्या बायकांना तो दहा गोळ्यांचं एक पाकीट देत होता आणि शेजारची कार्यकर्ती ते वाणाच्या डब्यात घालून झाकण लावत होती. मी माझे दोन आकडे त्याच्यासमोर ठेवले. त्याने ते वाचले, पेनाला टोपण लावलं आणि रांगेला थांबायला सांगितलं. त्याला समजावून सांगावं लागलं नाही. सकाळपासून त्यालाही खटकत असणार, असं मला वाटलं, आणि त्यामुळे त्याचा जास्तच राग आला. मग लक्षात आलं की आठ वाजल्यापासून मीही तिथेच होते.

"किती दिल्यात?"

"अठ्ठ्याऐंशी. उद्या सकाळपासून घ्यायच्या, खाण्याआधी."

"म्हणजे आज कोणी घेतलेली नाही."

"एक. फोटोसाठी. पहिली गोळी डॉक्टरांच्या हातून द्या म्हणाले. फोटोवाल्याने रांगेतून निवडली. जरा गरीब दिसणारी पाहिजे होती त्याला. बारीक बाई, हिरवी साडी."

"किती वाजता?"

"साडेअकरा."

एक वाजायला दहा मिनिटं होती. गोळी रक्तातली साखर खाली ओढणारी होती, आणि शेवंतीच्या पोटात काल रात्रीच्या चिमणीच्या घासांनंतर काही नव्हतं. नोंदवहीत पत्ता होता: खाडीकडची तिसरी गल्ली, पंपासमोर. मी मीटर, साबण आणि पिशवी घेऊन निघाले.

दार उघडंच होतं. शेवंती भिंतीला टेकून बसली होती. जानेवारीत तिच्या ब्लाउजची पाठ घामाने भिजली होती. समोर ताट वाढलेलं, भाताला हात लागलेला नव्हता.

"बघा ना मॅडम," रंभा म्हणाली, "मघापासून नुसती चिडतेय. जेव म्हटलं तर डॉक्टरने भात बंद केलाय म्हणे. भाकरी टाकू का म्हटलं तर ते पण नको."

"गोड बंद," शेवंती म्हणाली. शब्द जड येत होते. "भात बंद. लिहून दिलंय."

मी तिचे हात तांब्यातल्या पाण्याखाली साबणाने धुतले, पुसले, बोट टोचलं. एकोणपन्नास.

"साखर," मी रंभाला म्हटलं. "पाण्यात चार चमचे. आत्ता."

रंभाने फळीवरून साखरेचा डबा ओढला. पेला तोंडाशी आला तेव्हा शेवंतीने ओठ घट्ट मिटले.

"मला शुगर आहे."

"नाही, तुम्हाला शुगर नाही. तो आकडा हाताला लागलेल्या लाडवाचा होता. आत्ता तुमच्या रक्तात साखर फार कमी आहे. हे प्यायला नाहीत तर बेशुद्ध पडाल."

"कागदावर... डॉक्टरची सही आहे." तिचा हात थरथरत होता, तरी कार्ड तिने सोडलं नव्हतं. माझ्याकडे कागद नव्हता. मी एक अनोळखी बाई होते, जी तिचा आजार तिच्याकडून काढून घ्यायला आली होती.

रंभाने तिची हनुवटी धरली. "शेवंते, तुझ्या भाऊजींच्या छातीत दुखत होतं तेव्हा कागदावर गॅस लिहिलं होतं. मी कागदावर विश्वास ठेवून त्याला पहाटेपर्यंत ओवा चघळायला दिला. उघड तोंड."

शेवंतीने तोंड उघडलं. निम्मं साडीवर सांडलं, निम्मं गेलं. पंधरा मिनिटांनी एकाहत्तर. मग तिने भात खाल्ला, रंभाच्या हाताने. पाऊण तासाने एकशे चार. हाताचं थरथरणं थांबलं होतं.

बाहेर भोंग्यावर वहिनींचा आवाज आला. दोनशे चौदा भगिनींची तपासणी झाली, त्यांतल्या एकशे एकतीस भगिनींचा मधुमेह वेळेत सापडला. टाळ्या वाजल्या.

शेवंती ऐकत होती. "म्हणजे मला नाहीच?" तिने विचारलं. "मग मी दमते कशानं?"

मी तिची खालची पापणी ओढून पाहिली. आतली कड कागदासारखी पांढरी. ती सकाळी माझ्यासमोर अर्धा मिनिट बसली होती आणि मी तिच्या कपाळाकडे पाहिलं होतं. हिमोग्लोबिन शिबिराच्या यादीतच नव्हतं. हृदयरुग्णालयाला त्याचा काही उपयोग नव्हता. माझ्या पिशवीत जांभळ्या झाकणाची एक नळी निघाली. मी तिच्या दंडाला पट्टा बांधून रक्त घेतलं आणि नळीवर नाव लिहिलं.

"बाकीच्यांचं काय?" रंभाने विचारलं.

"सत्त्याऐंशी डबे. उद्या सकाळी उघडतील."

शेजारच्या म्हातारीला शेवंतीजवळ बसवून आम्ही दोघी निघालो. वाटेत समाजमंदिरातून उचललेली नोंदवही माझ्या हातात, वाट रंभाला पाठ. पहिल्याच दारात बाई म्हणाली, "वाणातलं काढून परत कसं देऊ? घरात सवाष्णीचं वाण आलंय."

"तू देऊ नको," रंभा म्हणाली. "तू नुसता डबा धर. मी काढते. मला आता कसला अपशकुन लागायचाय?"

बाईने डबा लांब, हाताच्या टोकाशी धरला. रंभाने पदर सावरून, डब्याला स्पर्श होऊ न देता दोन बोटांनी पाकीट उचललं. ते तिने सराईतपणे केलं. गल्लीच्या टोकाशी मी मागे वळून पाहिलं. ती बाई नळाखाली डबा घासत होती, साबणाने, आतून बाहेरून.

अंधार पडेपर्यंत त्रेपन्न पाकिटं जमली. काही दारं बंद होती. काहींनी फुकटची गोळी परत द्यायला सरळ नकार दिला. "मॅडम, आता कुठे कोणीतरी आम्हाला काहीतरी दिलं," एक म्हणाली. त्यांना मी एवढंच पटवलं की उपाशीपोटी घेऊ नका. किती जणींना पटलं ते माहीत नाही. धम्मपाल येऊन शेवंतीला बघून गेला, रात्री उठवून दूध पाजायला सांगून गेला. मीटर मी तिथेच ठेवला. आकडा वाचता यावा म्हणून रंभाला दोनदा दाखवला. तिला एकदाच पुरला.

समाजमंदिरात खुर्च्या एकात एक जात होत्या. शिवानी नोंदवहीसाठी थांबली होती. मी टेबलाशी बसले आणि हळदीकुंकू घेऊन आलेल्या आणि दोनशेच्या वर गेलेल्या प्रत्येकीच्या ओळीत शेऱ्याच्या रकान्यात लिहीत गेले: हात धुतलेले नव्हते, आकडा ग्राह्य नाही. एकशे एकोणतीस वेळा. दोन बायका बाजूच्या दाराने आलेल्या होत्या आणि त्यांना खरोखरच मधुमेह दिसत होता. त्यांच्यापुढे मी बरोबरची खूण केली. त्या दोघींना गोळ्या मिळाल्याच नव्हत्या, कारण गोळ्या घालायला त्यांच्याकडे डबा नव्हता. मग प्रत्येक पानावर सही केली.

"मॅम, ही यादी अशी चालणार नाही," शिवानी म्हणाली.

"माहीत आहे मला."

मंगळवारी शेवंतीचं हिमोग्लोबिन आलं, सहा पूर्णांक आठ. मी तिच्या जेवणाच्या सुट्टीत फोन केला. मागे मशीनचे आवाज येत होते. सांगितलं की हा खरा आजार आहे, दमणं नाटक नव्हतं, आणि महापालिकेच्या दवाखान्यात लोहाची इंजेक्शनं मिळतात.

"नक्की ना?" ती म्हणाली. "परत कोणी येऊन नाही म्हणणार नाही ना?"

"कागद पाठवते. माझ्या सहीचा."

त्याच दुपारी त्र्यंबकसरांनी नोंदवही पुन्हा टाइप करून घेतली. शेऱ्याचा रकाना काढला, खाली स्वतः सही केली. मला त्यांनी हे शांतपणे सांगितलं, चहा मागवला, आणि मी तो प्यायले नाही एवढंच त्यांच्या लक्षात आलं.

शनिवारी सकाळी रंभाचा फोन आला. त्या घरून निघाल्या तेव्हा रुग्णालयाची गाडी गल्लीच्या तोंडाशी उभी होती आणि एक माणूस यादीतून नावं पुकारत होता.

"चाळीसेक जणी बसल्यात. नटूनथटून," ती म्हणाली. "शेवंतीचं नाव तीनदा घेतलं. म्हटलं, नाही ती. विचारतात, का नाही, तिला तर फार जास्त आहे."

"शेवंती कुठे आहे?"

"ही काय माझ्याजवळ. दवाखान्याच्या रांगेत. पहिलं इंजेक्शन आहे. खाडा पडला म्हणून तोंड पाडून बसलीय." रंभाने फोन दूर धरला. "काय गं? मॅडम विचारतायत, सकाळी खाल्लंस का?"

"सांग, दोन भाकऱ्या," शेवंतीचा आवाज आला.